कुठला लॉक आधी घ्यायचा, हेपण शिकवा की

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनबद्दल, प्लेसमेंटबद्दल भरपूर येतं, त्याचा पालकांना उपयोग होतोच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पोरं आत जाऊन शिकतात काय, यावर फारसं कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं लांबलंय, पण कापू नका ही विनंती.

मी बेळगावच्या शहापुरात राहतो आणि घरूनच काम करतो. काम लिनक्स कर्नलमधल्या फाइलसिस्टिमचं. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, कर्नल म्हंजे तिचा गाभा, आणि फाइलसिस्टिम म्हंजे फाइल डिस्कवर कुठं ठेवायची, दोघांनी एकदम मागितली तर काय करायचं, पुसली तर जागा नेमकी कधी मोकळी करायची, हे सगळं जो कोड बघतो तो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडची पोरं-पोरी शेवटच्या वर्षाला आली की इंटरव्ह्यूच्या तयारीला माझ्याकडं येतात, हुशार असतात, कष्टाळू असतात, बरीचशी मराठी शाळेतनं शिकून आलेली. त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना डेडलॉकच्या, म्हंजे कामं एकमेकांची वाट बघत कायमची अडकण्याच्या, चार अटी तोंडपाठ असतात, १९७१ साली कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या त्या, म्युच्युअल एक्सक्लूजन, होल्ड अँड वेट वगैरे. डेडलॉक टाळायच्या बँकर्स अल्गोरिदमचं टेबल पण बिनचूक भरतात. मग मी एकच विचारतो, की एक फाइल एका फोल्डरमधनं काढून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकायचीय, दोन्ही फोल्डरवर लॉक, म्हंजे माझं होईपर्यंत दुसऱ्यानं हात लावू नये असं कुलूप, घ्यावा लागणार, तर आधी कुठल्यावर घेशील? तिथं सगळी गप्प होतात. पोरांचा काही दोष नाही यात, त्यांना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

सामान्य वाचकाला पण कळेल असं सांगतो. समजा सर्व्हरवर ‘खानापूर’ आणि ‘निपाणी’ अशी दोन फोल्डर आहेत. एक क्लार्क खानापूरमधनं निपाणीत फाइल हलवतोय, त्याच क्षणी दुसरा निपाणीतनं खानापूरमध्ये हलवतोय. पहिल्याच्या कामासाठी कर्नलनं खानापूर लॉक केलं, दुसऱ्याच्या कामासाठी निपाणी केलं, आता पहिला निपाणीची वाट बघतोय आणि दुसरा खानापूरची, दोघंही हातातलं सोडत नाहीत, झालं, दोघंही कायमचे अडकले. नुसते ते दोघंच नाहीत, त्यानंतर जो जो त्या फोल्डरमध्ये काही करायला जाईल तो पण मागं रांगेत उभा. अशा प्रोसेसला, म्हंजे चालू प्रोग्रामला, किल मायनस नऊ ही जबरदस्तीनं बंद करायची कमांड मारून पण ती मरत नाही, कारण ती कर्नलच्या आत झोपलेली असते, आणि बऱ्याच सर्व्हरवर १२० सेकंद झाले की लॉगमध्ये ‘टास्क ब्लॉक्ड’ असा मेसेज येतो. मग मशीन रीस्टार्ट करण्याशिवाय इलाज नसतो.

यावरचा उपाय म्हंजे लॉकचा क्रम. कोण कुठलंही काम घेऊन येवो, सगळ्यांनी लॉक त्याच ठरलेल्या क्रमानं घ्यायचे, मग चक्र तयारच होत नाही. चोर्ला घाटात अरुंद वळणावर समोरासमोर आल्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हे आधीच ठरलेलं असतं म्हणून गाड्या निघतात, तिथं गेल्यावर ठरवू म्हटलं तर संध्याकाळ होते. फाइलसिस्टिममध्ये साधा नियम असा, की वरची डिरेक्टरी, म्हंजे फोल्डर, आधी आणि तिच्या आतली नंतर. ज्या दोन डिरेक्टरी एकमेकींच्या आत नाहीत त्यांच्यासाठी पण एक पक्का क्रम ठरवलेला असतो, आणि साध्या फाइल दोन असतील तर ज्याचा मेमरीतला पत्ता लहान त्याचा लॉक आधी.

इथवर ऐकलं की पोरं म्हणतात, सर सोपंय की. पण खरी गंमत पुढं आहे. कोण कुणाच्या आत आहे हे बघून क्रम ठरवायचा, बरोबर, पण तुम्ही बघत असतानाच तिसऱ्यानं एक डिरेक्टरी उचलून दुसरीकडं टाकली तर? तुम्ही बघितलेलं फोल्डरांचं झाड आणि लॉक घेतानाचं झाड वेगळं! आणि याच्याहून वाईट एक केस आहे. एकजण अख्खं ‘खानापूर’ फोल्डर उचलून ‘निपाणी’च्या आतल्या ‘जुने कागद’मध्ये टाकतोय, दुसरा त्याच वेळी अख्खं ‘निपाणी’ उचलून ‘खानापूर’च्या आतल्या ‘जुने कागद’मध्ये टाकतोय. कर्नल दोघांची वेगवेगळी तपासणी करतं, की बाबा तू फोल्डर त्याच्याच पोटात तर टाकत नाहीस ना? त्या क्षणाला दोघांचंही उत्तर नाही असंच येतं, कारण अजून काहीच हललेलं नाही. दोघांना परवानगी मिळाली आणि दोन्ही कामं झाली, तर खानापूर निपाणीच्या आत आणि निपाणी खानापूरच्या आत, आणि दोन्ही मिळून मूळ झाडापासनं तुटलेली. तिथं कुठल्याच रस्त्यानं जाता येत नाही, आत सगळे कागद आहेत, डिस्कवर जागा पण खातायत, पण कुणाला दिसत नाहीत. म्हणून लिनक्समध्ये दोन वेगळ्या डिरेक्टरींमधल्या प्रत्येक रिनेमला, म्हंजे नाव किंवा जागा बदलायला, आधी त्या अख्ख्या फाइलसिस्टिमचा रिनेम मटेक्स नावाचा एक वेगळा लॉक घ्यावा लागतो, मग नातं तपासायचं, मग डिरेक्टरींचे लॉक. एकाच डिरेक्टरीत नुसतं नाव बदलायचं असेल तर तो घ्यावा लागत नाही. हे सगळं कर्नलच्या सोबत येणाऱ्या डिरेक्टरी लॉकिंगच्या डॉक्युमेंटमध्ये लिहिलंय, नुसता नियम नाही तर डेडलॉक का होणार नाही आणि असं तुटलेलं चक्र का तयार होणार नाही याची सिद्धतासुद्धा तिथं शब्दांत मांडलीय. फार मोठं नाही ते. दहावीच्या भूमितीत जसं ‘समजा तसं नाही’ म्हणून सुरुवात करून विसंगती दाखवतात ना, अगदी तसंच आहे, आणि आपल्या मराठी शाळेत शिकलेल्या पोराला ते नक्की झेपतं, मी झेपताना बघितलंय.

हे सगळं एका दिवसात आलेलं नाही. १९९६ च्या २.० व्हर्जनमध्ये लिनक्स पहिल्यांदा एकापेक्षा जास्त प्रोसेसरवर अधिकृतपणे चालायला लागलं तेव्हा अख्ख्या कर्नलला एकच लॉक होता, बिग कर्नल लॉक. एकच लॉक म्हटल्यावर क्रमाचा प्रश्न येत नाही, पण एक प्रोसेसर आत असला की बाकीचे बाहेर ताटकळत. तो मोडून मोडून बारीक लॉक करत गेले आणि तो शेवटी पूर्ण गेला २.६.३९ मध्ये, २०११ साली. पंधरा वर्षं! आणि जसजसे लॉक बारीक झाले तसतसा क्रम सांभाळायचा बोजा प्रोग्रामरवर आला. २००६ मध्ये इंगो मोलनार यांनी लॉकडेप नावाची तपासणी आणली, २.६.१८ मध्ये, ती तर मला वाटतं प्रत्येक कॉलेजच्या लॅबमध्ये चालू करून दाखवली पाहिजे. ती प्रत्यक्ष डेडलॉक व्हायची वाट बघत नाही. कुणी कधी क लॉक धरून ख घेतला हे लक्षात ठेवते, आणि नंतर कुठंतरी कुणी ख धरून क घेतला की लगेच बोंब मारते, दोन घटनांमध्ये तास गेला असला तरी. फक्त तिला एक सांगावं लागतं, की बाई डिरेक्टरीत डिरेक्टरी असते, दोन्हींचा लॉक एकाच जातीचा असला तरी एक आईबापाचा आहे आणि एक लेकराचा, म्हणून कोडमध्ये पॅरेंट, चाइल्ड अशी वेगळी नावं देऊन लॉक घेतलेले दिसतात. पोरांना तो कोड दाखवला की ती विचारतात हे नाव इथं कशाला? आणि तिथनं खरं शिकणं चालू होतं.

आता दुसरा भाग, रेफरन्स काउंट, म्हंजे एखादी वस्तू किती जण धरून आहेत याची मोजणी. आमच्या ओळखीच्या एका पतसंस्थेत सर्व्हरची डिस्क फुल झाली, तिथल्या पोरानं मोठ्ठी लॉग फाइल पुसली, तरी जागा काही येईना. फोनवर म्हणतोय, ‘सर, पुसली की, फोल्डरमध्ये दिसंना पण झालीय, तरी डिस्क फुलच दाखवतंय.’ कुणाच्या तरी सांगण्यावरनं नवीन डिस्क घ्यायचं ठरत होतं. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड म्हणते डिस्क भरली आणि फाइलींची बेरीज करणारी डीयू म्हणते एवढ्या फाइलच नाहीत, असं झालं की समजायचं की फाइल पुसलीय पण कुणीतरी ती अजून उघडून बसलंय. फाइलच्या कर्नलमधल्या नोंदीला आयनोड म्हणतात आणि तिथं दोन मोजण्या असतात, एक डिस्कवरची, की या फाइलला नावं किती आहेत, आणि एक मेमरीतली, की आत्ता वापरणारे किती आहेत. पुसलं की नाव जातं, पहिली मोजणी शून्य होते, पण दुसरी शून्य होईपर्यंत फाइल जिवंत. इथं लॉग लिहिणारा प्रोग्राम ती धरून होता. तेवढी एक सर्व्हिस रीस्टार्ट केली, जागा परत आली, नवीन डिस्क लागली नाही. पावसाळ्यात आपल्याकडं लाइट जाते तशी अशा वेळी मध्येच गेली तरी इएक्सटी४ या फाइलसिस्टिममध्ये अशा अनाथ फाइलींची यादी डिस्कवरच ठेवलेली असते, पुढच्या वेळी माउंट करताना, म्हंजे डिस्क वापरायला जोडताना, ती साफ होते. केवढा विचार केलाय बघा लोकांनी.

मोजणी करायची म्हंजे नुसतं एक वाढवायचं आणि एक कमी करायचं, त्यात काय अवघड, असं पुस्तक वाचून वाटतं. पण माझं आयुष्य ज्या बगमध्ये जातं ते सगळे इथंच असतात, लॉक आणि मोजणी जिथं एकमेकांना भेटतात तिथं, आणि मला या पत्रात मुख्य हेच सांगायचंय की हे दोन वेगळे धडे नाहीत, पण शिकवताना लॉक एका चॅप्टरमध्ये आणि मेमरी तिसऱ्याच चॅप्टरमध्ये असते आणि दोघांची गाठ कुणी घालून देत नाही. लॉक सांगतो की आत्ता याला हात लावू नका, मोजणी सांगते की याला मारू नका. एका प्रोसेसरवर कुणी शेवटचा हात काढला, मोजणी एकावरनं शून्यावर आली, आता ही नोंद मोडायची असं त्यानं ठरवलं, आणि तेवढ्यात दुसऱ्या प्रोसेसरला तीच नोंद यादीत सापडली, त्यानं मोजणी परत एक केली आणि खूश होऊन वापरायला घेतली. पहिला तर मोडून मोकळा झाला! दुसऱ्याच्या हातात आता मेलेल्या मेमरीचा पत्ता आहे, तिथं उद्या दुसऱ्याच कुणाचा डेटा येईल आणि हा त्याच्यावर लिहील. म्हणून कर्नलमध्ये शेवटची मोजणी कमी करणं आणि लॉक घेणं एकाच दमात करायची सोय आहे, आणि यादीतनं उचलणाऱ्याला आधी बघावं लागतं की ही नोंद मरायच्या वाटेवर तर नाही ना, असेल तर हात रिकामा घेऊन परत जायचं.

आणि याच्या उलट बाजूला दुसरा खड्डा. शेवटचा हात काढणं हे साधं काम नव्हे. आयनोडची शेवटची मोजणी गेली आणि नावं पण शून्य असतील तर तिथंच फाइलचे ब्लॉक मोकळे करायचं काम सुरू होतं, जर्नलमध्ये, म्हंजे बदलांच्या वहीत, नोंद करावी लागते, डिस्कची वाट बघावी लागते, आणखी लॉक घ्यावे लागतात. म्हंजे तुम्ही एक लॉक धरून बसला असाल आणि सहज एक मोजणी कमी केली तर त्या एका ओळीच्या पोटातनं कुठले कुठले लॉक घेतले जातील हे ती ओळ वाचून कळतच नाही, आणि शंभरातनं नव्याण्णव वेळा तुम्ही शेवटचे नसता त्यामुळं काहीच होत नाही. टेस्टिंगमध्ये सापडत नाही ते यामुळंच. यावर उपाय म्हणून बीटीआरएफएस या फाइलसिस्टिममध्ये अशी कमी करायची कामं एका यादीत टाकून ठेवतात, नंतर वेगळा थ्रेड येऊन, कुठलाही लॉक हातात नसताना ती करतो. उघडलेली फाइल शेवटची बंद करायचं काम पण २०१२ पासनं, ३.६ व्हर्जनपासनं, साधारणपणे असंच मागं ढकललंय, प्रोसेस कर्नलमधनं बाहेर पडता पडता ते होतं. तसंच मेमरीचं. फाइलसिस्टिमनं लॉक धरून मेमरी मागितली, मेमरी शिल्लक नाही, मग कर्नल म्हणतं जुने आयनोड टाकून जागा करू, आणि त्यासाठी फिरून त्याच फाइलसिस्टिमच्या दारात येतं आणि तोच लॉक मागतं. स्वतःच स्वतःची वाट बघत बसायचं. म्हणून तिथं मेमरी मागतानाच बजावून सांगावं लागतं की काहीही कर पण फाइलसिस्टिममध्ये परत येऊ नकोस.

२०१३ मध्ये, ३.१२ व्हर्जनला, नावांच्या नोंदींसाठी, म्हंजे डेन्ट्रीसाठी, लॉक आणि मोजणी दोन्ही एकाच ६४ बिटांत बसवले, लॉकरेफ म्हणतात त्याला, म्हंजे लॉक मोकळा आहे हे बघणं आणि मोजणी वाढवणं एकाच झटक्यात होतं, लॉक प्रत्यक्ष घ्यावा लागत नाही. हे बघितल्यावर तरी पटावं की या दोन गोष्टी एकत्रच शिकवायच्या आहेत.

मोजणी चुकली तर काय होतं याचं एक उदाहरण सगळ्यांनी बघण्यासारखं आहे. फाइलसिस्टिममधलं नाही, कर्नलच्या कीरिंगमधलं, म्हंजे गुप्त किल्ल्या ठेवायच्या भागातलं, आहे, पण दुखणं तेच. २०१६ च्या जानेवारीत जाहीर झालं, ३.८ व्हर्जनपासनं कोडमध्ये होतं. एका रस्त्यावर मोजणी वाढवली जायची पण कमी करायची राहून जायची. एखाद्यानं ते चार अब्जांच्या वर वेळा मुद्दाम केलं की ३२ बिटांचा आकडा गोल फिरून शून्यावर यायचा, कर्नलला वाटायचं कुणीच वापरत नाही, वस्तू मोडली जायची, आणि साध्या युजरला त्यातनं रूटचे, म्हंजे मशीनच्या मालकाचे, अधिकार मिळवता यायचे. एक राहिलेली ओळ! त्यानंतर २०१७ मध्ये ४.११ ला अशा मोजणीसाठी वेगळा प्रकार आला जो टोकाला गेला की तिथंच चिकटून बसतो, गोल फिरत नाही. मेमरी वाया गेली तर जाऊ दे, पण जिवंत वस्तू मोडायची नाही.

आता कुणी म्हणेल की रस्ट भाषा कर्नलमध्ये आलीय, ६.१ पासनं, २०२२ पासनं, आणि आजकाल एआय पण कोड लिहून देतं, मग पोरांनी हे कशाला शिकायचं. रस्टनं मोजणीचा बराच त्रास कमी होतो हे खरंय, मी त्याच्या बाजूचाच आहे. पण कुठला लॉक आधी हे रस्टचा कंपायलर तपासत नाही, डेडलॉक होणारा प्रोग्राम रस्टमध्ये बिनतक्रार कंपाइल होतो. आणि एआयनं लिहिलेली ती मोजणी कमी करायची ओळ चुकीच्या जागी आहे हे ओळखायला कुणीतरी माणूस लागतोच, ज्याला त्या ओळीच्या पोटात काय आहे ते माहितीय.

म्हणून आपल्या भागातल्या ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणाऱ्या सरांना आणि मॅडमना हात जोडून विनंती आहे. राज्यभरच्या कॉलेजांचं विद्यापीठ आपल्या मच्छेला आहे, कॉलेजं गावागावात आहेत, मशीन आहेत, कर्नलचा कोड फुकट आहे. बँकर्स अल्गोरिदम शिकवा, पण साधारण वापरातल्या कर्नलमध्ये तो चालत नाही, तिथं लॉकचा क्रम चालतो हेपण सांगा. एका व्हर्च्युअल मशीनवर लॉकडेप चालू केलेलं कर्नल बसवा, दोन मटेक्स उलट्या क्रमानं घेणारं छोटं मॉड्यूल, म्हंजे कर्नलला जोडायचा तुकडा, पोरांना लिहायला लावा आणि लॉकडेपचा रिपोर्ट प्रत्येकाकडनं ओळ न् ओळ वाचून घ्या. दुसऱ्या दिवशी एक फाइल उघडी ठेवून पुसायला सांगा आणि डीएफ, डीयूचे आकडे वहीत लिहून घ्या. दोन प्रॅक्टिकलचं काम आहे, पैसे लागत नाहीत. मग रिनेमचा कोड उघडा. इंग्रजी कॉमेंट अडतील तिथं मराठीत, कानडीत, जमेल तसं समजावून सांगा, पोरं मागं हटत नाहीत.

आणि साहेब, आपल्या शैक्षणिक पुरवणीत महिन्यातनं एकदा अर्धं पान याला द्या. मराठीत या विषयावर वाचायला काही मिळत नाही, पोरं मोबाइलवर शोधून दमतात. रिनेमच्या लॉकवरचा पहिला लेख चित्रं काढून मी लिहून देतो, मानधन नको, फक्त खानापूर आणि निपाणीच्या पोरांना कळेल अशा भाषेत तो छापा, कोडमधले शब्द आहेत तसे ठेवा आणि जागेसाठी मधला भाग कापू नका.

आपला नियमित वाचक,
शहापूर, बेळगाव